सहा जण आणि पाच खुर्च्या

फेब्रुवारी महिना, सकाळचे पावणेसात आणि फोन आप्पांचा. आप्पा म्हणजे आमचे क्लायंट, पिंपळगाव बसवंतच्या पुढे त्यांचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे, माल युरोपला जातो. सीझनमधे आप्पा नमस्कार-चमत्कार काही करत नाहीत. "लॉगिन गेलंय. पासवर्ड बदलून पाह्यला, तरी नाही. चारला कंटेनर निघायचाय." फोन कट.

मी नाशकात कॉलेज रोडला बसतो. दोन खोल्यांचं ऑफिस, तिघं जण, आणि काम काय तर एक सॉफ्टवेअर दुसऱ्याला जोडून द्यायचं. नातेवाईक विचारतात नक्की काय करतोस, तर मी सांगतो सोयरीक जमवतो. चहापोहे आम्ही घडवून आणतो, पुढे भांडण झालं की दोन्ही घरचे लोक आम्हालाच फोन करतात.

आप्पांकडे शेतकरी, त्यांच्या बागा, परदेशातलं गिऱ्हाईक, सगळं एका सीआरएममधे आहे, म्हणजे गिऱ्हाइकांची नोंद ठेवायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर. पॅकिंगच्या लाईनवर टॅब, म्हणजे टॅब्लेट असतात, त्यात कोणत्या बागेचा माल आला, किती क्रेट, वजन किती हे भरलं जातं आणि दर पंधरा मिनिटांनी सीआरएमला जातं. शेवटी डिस्पॅचचा कॉम्प्युटर, तो सीआरएममधून बागेचा नोंदणी नंबर ओढतो आणि पेटीवरचं लेबल छापतो. हे लेबल म्हणजे शोभेचं काम नाही बरं का. अपेडा म्हणजे केंद्र सरकारची शेतमाल निर्यातीची संस्था, तिची ग्रेपनेट ही द्राक्षांच्या नोंदणीची ऑनलाइन व्यवस्था २००६ पासून आहे, युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची पेटी कोणत्या बागेतली हे मागे मागे जाऊन शोधता आलं पाहिजे, औषधाच्या अंशाची लॅबची तपासणीसुद्धा त्या बागेच्या नावावर असते. नंबर नाही तर पेटी जागची हलत नाही, आत कितीही गोड द्राक्ष असूदे.

निघालो गाडीवर. थंडी अशी की आडगाव सुटेपर्यंत बोटं बधिर झाली, ओझरला चहाला थांबलो आणि तिथून पॅकहाऊसच्या सुपरवायझर ताईंना फोन केला. त्यांनी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं, "इनव्हॅलिड ग्रँट, पुढे एक्स्पायर्ड असं काहीतरी आहे सर." मी शहाण्यासारखं सांगितलं, ताई काही नाही, सगळे टॅब डिस्कनेक्ट करा आणि परत एकेक करून जोडत चला, मी येतोच. आता आठवलं की माझंच मला हसू येतं, कारण त्या सकाळी करू नये असं एकच काम होतं आणि ते मी चहा पिता पिता करायला सांगितलं.

पोचलो तर आत नेहमीसारखं डोक्याला टोप्या घातलेल्या बायका कात्रीने खराब मणी काढतायत, पनेट म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे डबे भरले जातायत, पण प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल गार करायच्या खोलीच्या दाराशी बिनलेबलाच्या पेट्यांची थप्पी छातीपर्यंत आलेली. आप्पा खुर्चीत. काही बोलत नव्हते, ते जास्त वाईट.

आता हे इनव्हॅलिड ग्रँट प्रकरण जरा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. टॅब सीआरएमला जोडताना आपण लॉगिन करतो, 'परवानगी द्या' वर क्लिक करतो, आणि तिथून पुढे टॅब पासवर्ड वापरतच नाही. त्याला एक टोकन मिळतं, म्हणजे चिठ्ठीच म्हणा, ती दाखवून तो ये-जा करतो. म्हणून पासवर्ड दहा वेळा बदलला तरी चिठ्ठी रद्द झालेली असेल तर काही फरक पडत नाही. आणि ही पद्धत, ओ-ऑथ दोन, तिच्या नियमांच्या २०१२ च्या कागदात इनव्हॅलिड ग्रँट या एका नावाखाली सगळं कोंबलंय: चिठ्ठीची मुदत संपली, कोणी रद्द केली, चिठ्ठी दुसऱ्याच अ‍ॅपची आहे, लॉगिननंतर परत यायचा वेबपत्ता जुळत नाही, काहीही असो, एरर तीच. डॉक्टरकडे गेलो आणि तो फक्त "अंगात काहीतरी आहे" म्हणाला, तसं.

तर मी सुरुवात केली. टॅबचं घड्याळ बरोबर आहे का, परत यायचा पत्ता कोणी बदललाय का, सीआरएममधे मुदतीचं सेटिंग काय आहे. सगळं ठीक. आणि गंमत म्हणजे जो टॅब जोडावा तो लगेच चालू व्हायचा, मी खूश, तोवर पाठीमागून कोणीतरी ओरडायचं, "ओ सर, तीन नंबर गेला!" तीन नंबर जोडला की थोड्या वेळात चार नंबर. अर्धा तास मी त्या लाईनींमधून नुसता पळत होतो.

सुटलं ते ताईंच्या वहीमुळे. शाळेची दोनशे पानी वही, क्रेटचा हिशोब लिहायची, तिच्या मागच्या पानावर ताईंनी पहाटेपासून हे लिहून ठेवलेलं:

५.१० लाईन ५ चा नवीन टॅब जोडला
५.३० डिस्पॅच बंद
५.४५ डिस्पॅच जोडला, चालू
६.०० लाईन १ बंद
६.१० लाईन १ जोडला
६.२० लाईन २ बंद

मी ते पान दोनदा वाचलं आणि तिथल्या एका पालथ्या क्रेटवर बसलो. संगीत खुर्ची! सहा जण आणि खुर्च्या पाच. या सीआरएममधे एका युजरला एका अ‍ॅपसाठी पाचच चिठ्ठ्या चालू ठेवता येतात, सहावी दिली की सगळ्यात जुनी आपोआप रद्द, कोणाला न विचारता. हे मला माहीत होतं बरं, वाचलेलं होतं, पण आप्पांकडे सगळी यंत्रं एकाच लॉगिनवर चालतात ही गोष्ट डोक्यातून गेली होती. चार टॅब आणि डिस्पॅच मिळून पाच झाले, दोन वर्षं सुरळीत. त्या दिवशी पहाटे पाचवा टॅब आला, सगळ्यात जुनी चिठ्ठी डिस्पॅचची होती, ती गेली. डिस्पॅच परत जोडला की एक नंबरची गेली. एकाला परत जोडलं की दोनाची. आणि ज्याची जाते तो लगेच बोंब मारत नाही, पुढच्या वेळी डेटा पाठवायला जातो तेव्हा त्याला कळतं, म्हणून कोणामुळे कोण गेला हे दिसत नाही. वर मी ओझरवरून सगळ्यांना एकदम उठवून परत बसवलं.

सीआरएममधे त्या युजरच्या पानावर खाली जोडलेल्या अ‍ॅपची यादी असते. उघडली. आपलं अ‍ॅप, पाच ओळी, पाचही आज सकाळच्याच. ताईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मग मी काय लिहिलंय?"

कारण कळलं पण उपाय? डिस्पॅचला वेगळा युजर पाहिजे, आणि युजर म्हटलं की लायसन्स, म्हणजे पैसे. यादी चाळली तर दिवाळीत नोकरी सोडून गेलेल्या एकाचा युजर अजून चालूच होता! चार महिने. त्याला बंद केला, लायसन्स मोकळं झालं, त्यावर फक्त यंत्रासाठी एक युजर काढला, कमीत कमी अधिकार देऊन, आणि डिस्पॅच त्याच्यावर जोडला. लॉगिन झालं. टाळ्या. दुसऱ्या सेकंदाला ४०३ नंबरची एरर.

४०१ म्हणजे तू कोण ते कळत नाही, ४०३ म्हणजे तू कोण ते कळलं पण तुला आत सोडायचं नाही. त्यामुळे मला ४०३ बघून खरं तर बरं वाटतं, भांडण पुढच्या पायरीवर आलं. पण आप्पांच्या मुलाला नाही वाटलं. "सर, ॲडमिन करून टाका ना त्याला, विषय संपला." विषय असाच संपवत आणलेला आहे सगळीकडे. जुनं लॉगिन ॲडमिनच होतं, त्याचा पासवर्ड मॉनिटरला चिकटपट्टीने लावलेला, म्हणजे लाईनवरच्या कोणत्याही टॅबवरून कोणीही मनात आणलं असतं तर सगळे शेतकरी एका झटक्यात डिलीट. आणि गेल्या पावसाळ्यात हे काम आमच्याकडे आलं तेव्हा ती चिकटपट्टी मी बघितली होती, सीझननंतर बघू म्हणालो होतो. तर मी म्हटलं अर्धा तास द्या. आप्पांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा सांगितला.

एपीआय, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायचं दार, ते वापरायची परवानगी त्या युजरला नव्हती, ती दिली, ४०३ गेला. मग नवीन एरर: बागेचा नोंदणी नंबर या नावाची फिल्डच, म्हणजे माहितीचा रकानाच नाही. नाही कशी? मुलाच्या स्क्रीनवर समोर दिसतेय, नंबर भरलेला आहे! मी स्पेलिंग तपासलं, अक्षर अन् अक्षर, वीस मिनिटं त्यात घातली, आणि मग कपाळावर हात मारला. ज्याला ती फिल्ड बघायचा अधिकार नाही त्याला सीआरएम "अधिकार नाही" असं सांगतच नाही, सरळ "अशी काही फिल्ड नाही" म्हणतं. उधारी मागायला गेलं की आतून आवाज येतो ना, "साहेब घरात नाहीत", आणि चपला दारातच असतात, अगदी तसं. मुलगा ॲडमिन, त्याला दिसणारच. फिल्डच्या अधिकारात नवीन युजरपुढे 'वाचा' ची टिक केली. तीन फिल्डना. बस.

साडेबाराला पहिलं लेबल कर्र करत बाहेर आलं. ताईंनी ते हातात घेतलं, वहीतल्या नंबरशी ताडून बघितलं आणि मगच पेटीला लावलं. जुन्या लॉगिनवर आता बरोबर पाच टॅब राहिले, एकेक करून जोडले, दीड वाजेपर्यंत कोणी ओरडलं नाही. कंटेनर चारचा साडेपाचला न्हावाशेवाकडे निघाला.

बिल पाठवलं त्या दिवशी आप्पांचा फोन, "तीन टिक मारायचे एवढे?" मी म्हटलं आप्पा, कोणत्या तीन ते शोधायचे. थोडे कमी केले मी, कारण ओझरचा चहा माझ्या हिशोबातला होता. वरून एक क्रेट द्राक्षं आली घरी, निर्यातीत न बसलेली, मणी बारीक म्हणून, पण गोडीला एक नंबर.

पक्कं काम मार्चमधे केलं. मधे एक छोटा सर्व्हर बसवला, टॅब सगळे त्याच्याशी बोलतात आणि सीआरएमकडे एकटा सर्व्हर जातो, एकच चिठ्ठी, टॅब पन्नास आणा. चिकटपट्टी मी स्वतः खरवडून काढली, मागचा डाग राहिलाय. निघताना ताईंची वही टेबलावर उघडी होती, त्या दिवसाची ओळ वाचली. "४.१० सगळे नवीन पद्धतीने जोडले. अजून बंद नाही."