नहेम्याने जे मागितलंच नाही

मंगळवार, रात्री उशिरा

सध्या बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचतेय, पर्शियाच्या राजाच्या परवानगीने यरुशलेमला आलेल्या यहूदी अधिकाऱ्याची गोष्ट. भिंतीची गोष्ट संडेस्कूलपासून पाठ आहे, 52 दिवसांत यरुशलेमची भिंत पूर्ण झाली, सनबल्लट आणि तोबीया हे विरोधक टोमणे मारत राहिले, लोक एका हाताने काम करायचे आणि दुसऱ्या हातात हत्यार. पण आज पाचव्या अध्यायावर आले आणि पुढे जाववेना.

भिंतीचं काम चालू आहे आणि ओरड उठते ती शत्रूच्या नाही, घरातल्याच माणसांच्या नावाने. दुष्काळ पडलाय, धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं सगळं गहाण टाकून झालंय, पर्शियाच्या राजाचा कर भरायलाही कर्ज काढलंय आणि आता पोटची मुलंमुली गुलामीत द्यायची वेळ आलीये, काही मुली तर गेल्यासुद्धा. आणि सावकार कोण, तर भाऊबंदच. हे दुःख महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला काही वेगळं समजवावं लागत नाही.

नहेम्याला खूप राग येतो. पण तो आधी मनाशी विचार करतो आणि मग सरदारांना, अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर धरतो. मला सगळ्यात भिडलं ते हे की तो म्हणतो, मी, माझे भाऊ आणि माझी माणसं, आम्हीही यांना पैसा आणि धान्य उसनं देतोय, चला हे आता सोडून देऊ. स्वतःला बाजूला ठेवत नाही. आजच्या आज शेतं परत करा, व्याज म्हणून शंभरावा हिस्सा घेताय तोही परत करा. ते हो म्हणतात तर नुसत्या हो वर भागवत नाही, याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो, स्वतःचा पदर झटकून दाखवतो की शब्द मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाको, आणि सगळी मंडळी आमेन म्हणते.

मग तो स्वतःचा हिशेब मांडतो. पर्शियाच्या अर्तहशश्त राजाच्या 20 व्या वर्षापासून 32 व्या वर्षापर्यंत, म्हणजे इ.स.पू. 445 पासून 12 वर्षं, तो यहूदाचा प्रांताधिपती होता. आधीचे अधिकारी लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर 40 शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी घ्यायचे, त्यांचे नोकरही लोकांवर हुकूम गाजवायचे. याच्या पंक्तीला रोज दीडशे यहूदी आणि अधिकारी, शिवाय आसपासच्या राष्ट्रांतून येणारे वेगळे, रोज एक बैल, सहा निवडक मेंढरं, पक्षी, दर दहा दिवसांनी सगळ्या प्रकारचा द्राक्षारस. एवढं असून प्रांताधिपतीचा भत्ता त्याने मागितला नाही, कारण लोकांवर आधीच भार जड होता. आणि जमीन घेतली नाही! सगळ्यांची शेतं गहाण पडलेली असताना सत्तेतल्या माणसाने एकही शेत विकत न घेणं, यावर मी बराच वेळ थांबले.

देव पुरवतो म्हटलं की मला नेहमी मान्ना आठवतो, मोशेच्या काळात देवाने रानात लोकांना दिलेलं अन्न, माणशी एक ओमर (तेव्हाचं माप), सकाळी जमिनीवर पडलेलं. इथे आकाशातून काहीच पडत नाही. तरी घराघरात शेत परत आलं, कोणाची लेक वाचली असेल. मला वाटतं हाही देवाचाच पुरवठा आहे, फक्त तो एका माणसाच्या न घेण्यातून आला, आणि कारण तो स्वतःच सांगतो, देवाचं भय.

सगळंच गोड नाहीये त्याचं, 13 व्या अध्यायात लोकांना मारतो, केस उपटतो, ते मला अजूनही पचत नाही. पण त्याच अध्यायात, लेव्यांना, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्यांना, त्यांचा वाटा मिळेना म्हणून ते मंदिर सोडून शेतावर निघून गेलेले असतात. तो त्यांना परत आणतो, लोक दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणू लागतात, आणि भांडारावर तो विश्वासू म्हणून ओळखली जाणारी माणसं नेमतो, शलेम्या याजक, सादोक लेखक, पदाया लेवी आणि मदतीला हानान. साधारण त्याच काळातल्या मलाखी संदेष्ट्याचं वचन, सगळा दशमांश भांडारात आणा, आपण दानाच्या वेळी कितीदा ऐकतो, पण भांडाराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत यावर संदेश फार कमी ऐकलेत मी.

आमच्या मंडळीचा (चर्चचा) हिशेब सांभाळणाऱ्यांसाठी आज नावं घेऊन प्रार्थना केली. उद्या एज्राचं पुस्तक परत काढणार आहे, तिथेही आठव्या अध्यायात सोनं-चांदी तोलून याजकांच्या हाती दिल्याचं आहे, ते नीट वाचायचंय.