आमची वाटचाल : दोरी, खडू आणि आग्रा रोड

धुळ्यात गॅरेजला तोटा नाही. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा, असे तीन महामार्ग इथे गाठ घालतात. वडिलांनी आग्रा रोडच्या कडेला पत्र्याची शेड टाकली ती ट्रकच्या कामासाठी. किंगपिन, बुश, पाटे, म्हणजे चाकांच्या सांध्यांचं आणि स्प्रिंगचं काम. एक जुना लेथ, गाडीखाली उतरायला खड्डा आणि खिळ्याला गुंडाळलेली सुताची दोरी, एवढंच भांडवल. जुन्या मोटारींचं वेड वगैरे काही नव्हतं. तेव्हा त्या जुन्या नव्हत्याच, सगळ्या डॉक्टरांच्या आणि सरकारी साहेबांच्या अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटच असायच्या.

दोरीचं काम, म्हणजे चाकं सरळ लावायचं अलाइनमेंट, मी दहावीत असताना शिकलो. गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवायचं, फिरत्या टायरला मधोमध खडू लावायचा आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढायची. दुसऱ्या चाकालाही तसंच. मग गाडी खाली उतरवून पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडायचा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. दोन रेघांमधलं अंतर दोरी ताणून आधी पुढून घ्यायचं. नंतर गाडी पुढे ढकलून चाक अर्धा फेरा फिरू द्यायचं आणि तीच खूण मागे आली की पुन्हा मोजायचं. रिम थोडी वाकडी असली तरी मग माप फसत नाही. पुढचं अंतर मागच्यापेक्षा जेवढं कमी, तेवढा टोइन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूने तेवढी आत वळलेली. दोन-तीन मिलीमीटरचा हा सगळा खेळ.

पुढे मी कर्ज काढून अलाइनमेंटचं कॉम्प्युटर मशीन आणलं. वडील काही बोलले नाहीत, पण दोरी त्यांनी खिळ्यावरून काढली नाही.

मशीनवर घेतलेली पहिली जुनी गाडी साक्रीकडची अ‍ॅम्बेसेडर. मालक म्हणाले, "भाऊ, गाडी डावीकडे वढस. हात सोडा का गयी वावरमा." म्हणजे हात सोडला की शेतात. मशीनच्या यादीत ही गाडी नव्हतीच, म्हणून माप हाताने भरलं, टायरॉड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाला जाणारे दांडे, फिरवले, स्क्रीनवर सगळं हिरवं झालं. छापील कागद हातात दिला आणि पैसे घेतले. पंधरा दिवसांत गाडी परत. नव्या टायरची बाहेरची कड खरवडल्यासारखी झालेली. वडिलांनी टायरवरून पालथा हात फिरवला, बाहेरून आत गुळगुळीत, आतून बाहेर नख अडकेल असं. म्हणजे चालताना चाकं नको तेवढी आत वळत होती. त्यांनी मला एवढंच विचारलं, "बुश देखा व्हता का?"

नव्हता पाहिला. खालच्या आर्मचा रबर बुश पार चिरडलेला होता. गाडी उभी असताना माप बरोबर यायचं, ब्रेक मारला की आर्म मागे सरकायचा आणि माप कुठच्या कुठे जायचं. टायरचे पैसे मी भरले. चूक माझी होती.

त्या दिवसापासून आमच्याकडे अलाइनमेंट सगळ्यात शेवटी होतं. आधी चाक वर-खाली धरून हलवून बघायचं, मग आडवं धरून. ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यात, प्ले (ढिलाई) आहे का, टायरॉड एंड सैल आहे का, व्हील बेअरिंग बोलतंय का. प्ले सापडला तर तो काढल्याशिवाय आम्ही माप घेत नाही. "एवढं तेवढं चालतं हो, फक्त सेट करून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक परत जातं. जाऊ दे.

जुन्या अ‍ॅम्बेसेडरची गोष्ट वेगळीच आहे. मूळ मॉरिस ऑक्सफर्डची रचना. पुढे स्प्रिंगच्या जागी चॅसिसला समांतर जाणारे दोन लांब टॉर्शन बार, गाडीचं वजन त्यांच्या पिळावर. टोइन सोडला तर फिरवायला फारसं काही नाही. मग कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेरचा कल, बिघडला तर? काहीतरी झिजलंय, वाकलंय किंवा बार बसलाय. अनेकदा चालकाची बाजू खाली बसलेली असते. तेव्हा बार मागच्या टोकाला सोडवून दात्यांवर फिरवून बसवायचा आणि दोन्हीकडची उंची जुळवायची. डावा बार उजवीकडे घालायचा नाही. त्याला एका बाजूचा पीळ मुरलेला असतो. एका गाडीत आधीच्या कोणीतरी ही अदलाबदल करून ठेवली होती. त्यात आमचे चार दिवस गेले, आणि बिल चार दिवसांचं लावता आलं नाही.

जीपचं काम त्यामानाने सरळ. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये उतरत्या जाडीची पाचर घातली की कॅस्टर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा पुढे-मागे कल, बदलतो. विलीज जीपला तो तीन अंश लागतो. पाटे बसले की तो कमी होतो, स्टेअरिंग स्वतःहून सरळ येत नाही आणि गाडी रस्ता शोधत फिरते. लोक मग स्टेअरिंग बॉक्स आवळून आणतात. त्याने उलट जास्त बिघडतं.

टायर काय घातलेत हेही विचारावं लागतं. जुन्या पुस्तकांतली मापं जुन्या पद्धतीच्या नायलॉन टायरची. हल्ली सगळे नव्या पद्धतीचे रेडियल घालतात, त्यांना टोइन थोडा कमी चालतो. पुस्तकातलं माप डोळे झाकून भरलं की टायर झिजलाच.

अ‍ॅम्बेसेडर २०१४ साली बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बंद झाली. पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, त्याच्या कितीतरी आधी, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही संपल्या. आमच्याकडे मात्र गिऱ्हाईक वाढलं. शिरपूर, दोंडाईचा, अमळनेरहून मुलं आजोबांची गाडी घेऊन येतात. लग्नसराईच्या आधी तर जास्त, नवरदेवाला त्याच गाडीतून न्यायचं असतं. पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी वेगळी विंटेज नोंदणी मिळाली, पण ती घेतली की गाडी रोज फिरवता येत नाही. त्यामुळे आमचे बहुतेक गिऱ्हाईक त्या वाटेला जात नाहीत. सुटे भाग मालेगावच्या भंगारात शोधायचे, नाही मिळाले तर गनमेटलचे बुश स्वतः लेथवर काढायचे. पोट अजूनही ट्रक आणि बोलेरोवरच भरतं.

काम झालं की गाडी लळिंगच्या घाटापर्यंत नेतो. जाताना डाव्या लेनने, येताना मध्ये रस्ता रिकामा दिसला की मधून. आपल्याकडे रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे डाव्या कडेने प्रत्येक गाडी थोडी डावीकडे जाणारच. मधूनही तिकडेच गेली तरच ती गाडीची खोड. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर असताना हे काम आम्ही पहाटे करतो, टायरमधली हवा थंड असताना भरून.

साक्रीची ती अ‍ॅम्बेसेडर अजून आमच्याकडे येते. परवा आली होती, ग्रीस मारायला. मालक आता मागे बसतात, नातू चालवतो. वडील खुर्चीवरून उठले, टायरवर हात फिरवला आणि परत जाऊन बसले.