व्हॉल्व्ह निघाले आणि कोड बदलला

दुसऱ्या दिवशी सकाळी हायड्रो टेस्ट होती, म्हणजे पाणी भरून, दाब चढवून घ्यायची चाचणी. इकॉनॉमायझर (बॉयलरला जाणारं पाणी गरम गॅसवर आधी तापवणारा ट्यूबचा संच) शॉपमध्ये आडवा ठेवलेला, हेडरला (सगळ्या ट्यूब जिथे जुळतात त्या जाड नळीला) तोंड बंद करणारे ब्लाइंड लावलेले, पाणी भरायची नळीसुद्धा जोडून झालेली. टेस्टच्या कागदावर आकडा लिहून सही केली होती ती मीच: ९.१ एमपीए. डिझाइन प्रेशर ७, त्याच्या १.३ पट. डिझाइनच्या तापमानाला आणि टेस्टच्या तापमानाला मटेरियलचा अलाउएबल स्ट्रेस, म्हणजे त्यावर येऊ द्यायचा कमाल ताण, एकच होता, त्यामुळे त्या दोन स्ट्रेसच्या गुणोत्तरानेही आकडा वाढत नव्हता. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेचा प्रेशर व्हेसलचा, म्हणजे दाबाच्या भांड्यांचा, कोड म्हणजे सेक्शन ८, डिव्हिजन १. त्याप्रमाणे हिशेब चोख होता.

दुपारी पाइपिंगचा मुलगा टेबलापाशी आला. "मॅडम, फीडचा चेक व्हॉल्व्ह आता इकॉनॉमायझरच्या इनलेटला आलाय. त्याचा सपोर्ट तुमच्या हेडरच्या फ्रेमवरून घेतला तर चालेल?"

"आता आलाय म्हणजे?"

त्याने पी अँड आयडीची, म्हणजे पाइप आणि व्हॉल्व्ह कसे जोडले ते दाखवणाऱ्या ड्रॉइंगची, ताजी रिव्हिजन उघडली. इकॉनॉमायझरच्या आउटलेटपासून बॉयलरच्या ड्रमपर्यंत माझ्या प्रिंटवर एक स्टॉप व्हॉल्व्ह आणि एक चेक व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारा) होता. नव्या रिव्हिजनमध्ये तिथे बदल दाखवणारी ढगाची खूण होती आणि ढगाच्या आत नुसती सरळ रेघ.

प्रोसेसवाल्यांनी ते दोन्ही व्हॉल्व्ह काढले होते, आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. बाहेरून गरम गॅस वाहतोय आणि मधला व्हॉल्व्ह बंद राहिला, तर इकॉनॉमायझरमध्ये कोंडलेलं पाणी उकळायला लागतं. म्हणून वेगळा करता येणाऱ्या इकॉनॉमायझरला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो. मधला अडथळाच काढला की तो धोकाही जातो. निर्णय चांगला होता. फक्त त्यामुळे माझ्या ड्रॉइंगवरची 'डिझाइन कोड'ची ओळ खोटी ठरत होती, हे कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

झालं होतं ते असं. मध्ये व्हॉल्व्ह आहे, तेव्हा हे वेगळं प्रेशर व्हेसल, असं धरून आम्ही सेक्शन ८ घेतलं होतं. त्या वेळी त्या विचाराला आधार होता. पण सेक्शन १, म्हणजे पॉवर बॉयलरचा कोड, स्पष्ट सांगतो की सुपरहीटर, इकॉनॉमायझर किंवा दुसरा कुठलाही प्रेशर पार्ट मध्ये व्हॉल्व्ह न येता बॉयलरला थेट जोडला असेल, तर तो बॉयलरचाच भाग. म्हणजे ढगातल्या त्या रेघेने माझा इकॉनॉमायझर उचलून बॉयलरच्या आत नेऊन ठेवला होता. फीडचे व्हॉल्व्ह इनलेटला सरकले, ते याच नियमाने. त्यांच्याबरोबर हद्दही सरकली. आउटलेटपासून ड्रमपर्यंतचा पाइप कालपर्यंत बॉयलर एक्स्टर्नल पाइपिंगमध्ये, बी ३१.१ या पाइपिंगच्या कोडखाली होता. आज तो बॉयलर प्रॉपर, म्हणजे खुद्द बॉयलरचा भाग झाला.

सगळे ट्यूबच्या जाडीकडे बघतात, आणि जाडीवरून काहीच कळत नाही, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे. सरांनीही आधी तेच विचारलं, "जाडी पुरते का?" मी त्यांच्यासमोर हिशेब केला. ट्यूब ५०.८ मिमी व्यासाची, कार्बन स्टीलची, एसए-२१० ए-१. सेक्शन ८ ने, ३०० अंशांना ११८ एमपीए स्ट्रेस धरून, जाडी येत होती १.४७ मिमी. सेक्शन १ च्या सूत्रात व्यासाच्या ०.००५ पट जादा धातू धरावा लागतो. शिवाय उष्णता शोषणाऱ्या ट्यूबसाठी स्ट्रेस ३७० अंशांच्या खालच्या तापमानाचा घेता येत नाही, आतलं पाणी कितीही थंड असो. तिथे स्ट्रेस उतरतो सुमारे १०८ वर, आणि जाडी होते १.८५. लावलेल्या ट्यूबची किमान जाडी ३.२ मिमी होती. दोन्हीकडे पास.

"मग उद्याची टेस्ट उरकून घेऊ या," प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले. "कागद नंतर बदलता येतील."

मी नाही म्हटलं. सेक्शन १ मध्ये टेस्ट १.५ पट असते, म्हणजे १०.५ एमपीए. ९.१ ला झालेली टेस्ट त्या बॉयलरच्या कुठल्याच कागदावर लावता आली नसती. नेमप्लेटवर सेक्शन ८ चा 'यू' नाही, सेक्शन १ चा 'एस' हवा. डेटा रिपोर्ट यू-१ नाही, पी-३. जोडणीच्या वेल्डची मापं सेक्शन १ च्या पीडब्ल्यू-१६ या कलमाप्रमाणे हवीत. इनलेटच्या फीड पाइपचं डिझाइन प्रेशर तर आणखी वर जाणार होतं. बी ३१.१ तिथे बॉयलरच्या प्रेशरवर २५ टक्के किंवा १.५५ एमपीए, यांतलं जे कमी असेल ते चढवायला लावतं. आमच्याकडे ते ८.५५ झालं.

कुणीतरी सुचवलं, व्हॉल्व्ह परत टाकू या, म्हणजे कोड आहे तोच राहील. मीटिंगमध्ये क्षणभर सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. मला मात्र ते मनापासून नको होतं. कागद वाचवण्यासाठी पाणी कोंडायची जागा पुन्हा तयार करायची? १९०५ साली अमेरिकेत ब्रॉक्टनच्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं गेली. अशा अपघातांमधूनच १९१४ चा पहिला एएसएमई बॉयलर कोड उभा राहिला. कोडमधली हद्दीची वाक्यं मी वाचते तेव्हा ती माणसं मला दिसतात. सरांनी थोडा वेळ ड्रॉइंगकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह नाही टाकायचा. इन्स्पेक्टरना फोन लाव."

आमच्या शॉपकडे 'यू' आणि 'एस' ही दोन्ही सर्टिफिकेटं होती, हे नशीब. नुसतं 'यू' असतं तर तो इकॉनॉमायझर तिथेच अडकला असता. इन्स्पेक्टर संध्याकाळी आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हद्द कुठे आहे ते मला ड्रॉइंगवर दाखवा." मी लाल पेनने इनलेटच्या व्हॉल्व्हपाशी रेघ मारली. मग आम्ही एकेक जोड तपासत गेलो. वेल्डिंग प्रोसिजर दोन्हीकडे सेक्शन ९ च्या, म्हणजे वेल्डिंगच्या कोडच्याच, त्यामुळे तिथे काही उकरावं लागलं नाही. हेडरच्या दोन ड्रेन नोझलचे फिलेट (कोपऱ्यात भरलेले वेल्ड) मात्र कमी पडले. वेल्डर गेज लावून माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. दोन्ही फिलेट वाढवावे लागले.

टेस्ट चार दिवसांनी झाली. पाणी २० अंशांच्या वर आहे ना, हे मी स्वतः थर्मामीटर लावून पाहिलं. पंप चालवणाऱ्याला बजावलं की ठरलेल्या आकड्याच्या ६ टक्क्यांपलीकडे काटा जाता कामा नये. काटा ७ वरून ९ वर, ९ वरून १० वर सावकाश चढला. १०.५ ला थांबला. मग प्रेशर ७ वर उतरवलं आणि आम्ही जवळ गेलो. इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन एका टोकाने निघाले, मी दुसऱ्या. वाढवलेल्या दोन्ही फिलेटवरून मी बोट फिरवलं. कोरडे होते.

त्या दिवसापासून माझ्या ड्रॉइंगवर डिझाइन कोडच्या ओळीखाली आणखी एक ओळ असते: कोडची हद्द पी अँड आयडीच्या कोणत्या रिव्हिजनवरून घेतली, तिचा नंबर.