चीक थांबत नाही

रविवार, रात्री. परभणी.

आईनं आज गहू भिजत घातले. दोन किलो. खाणाऱ्या आपण दोघी, एक किलो पुरे की, असं म्हणाले तर, "एक किलोच्या कुरडया काय निवदाला करायच्या का?" वय ७४, गुडघे गेलेले, शुगर वाढलेली, आणि मे महिना लागला की हिच्या अंगात वारं येतं. शाळेला सुट्ट्या लागल्या की मी आठ दिवस माहेरी आरामाला येते, असं सासरी सांगून ठेवलंय. येते ती सोऱ्या फिरवायला.

साडेआठला लाईट गेली. आईची मालिका ऐन भांडणात तुटली. आता त्या सुनेचं काय झालं कोण सांगणार, म्हणून ती चिडून अंगणात बाजेवर येऊन बसली. तिचं मन वळवावं म्हणून भाचीनं पुण्याहून पाठवलेली एक जुनी क्लिप मोबाईलवर लावली. काळी-पांढरी, इंग्रजी. म्हटलं, दोन मिनिटांत "बंद कर ते" म्हणेल.

चॉकलेटचा कारखाना. पट्ट्यावरून चॉकलेटं येतायत, दोन बायकांनी प्रत्येकाला कागद गुंडाळून पुढं सोडायचं. एक जरी तसंच पुढं गेलं तर नोकरी गेली. आधी पट्टा सावकाश, दोघी खूश. मग वेग वाढतो. हात पुरेनात तशी चॉकलेटं तोंडात, मग पोलक्यात, मग टोपीखाली. मुकादमीण बघायला येते तर सगळं नीटनेटकं, शाबासकी देते आणि ओरडून पट्टा आणखी जोरात सोडायला लावते.

आईला इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. पण पदर तोंडाला लावून अशी हसली की शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, काय झालं. "ही मुकादमीण लई खट हाय," एवढंच आई कसंबसं बोलली. पुन्हा लाव म्हणाली. तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी हसली नाही, डोळे बारीक करून बघत राहिली.

"ह्या बाईला हे काम नीट येतंय," म्हणाली.

"कसं काय? सगळा घोळ तर घातलाय तिनं."

"जिला लाटता येत न्हाई तिची पोळी नुसती वाकडी होती. बघून हसू येत न्हाई, कीव येती. ही ठरवून वाकडी करायली."

एवढं बोलून कूस बदलून झोपली. मला मात्र झोप येईना. बी.एड.च्या वर्षी गॅदरिंगला आमचं एक विनोदी नाटुकलं होतं, त्यात मी चहाचा ट्रे घेऊन पडायचे. तालमीत झकास पडायची, पोरी खिदळायच्या. गॅदरिंगच्या दिवशी साडीत पाय अडकला आणि ठरलेल्या जागेच्या चार पावलं आधीच खरोखर आपटले. एक माणूस हसला नाही. पहिल्या रांगेतल्या मॅडम "लागलं का गं?" म्हणत स्टेजपाशी धावल्या. तीस वर्षं मी समजत होते की प्रेक्षकच रुक्ष होते.

मंगळवार, दुपारी

गव्हाचं पाणी तिसऱ्यांदा बदललं. मोरीत आंबूस वास भरलाय. बाहेर ४३ अंश, कुत्रीसुद्धा नाल्यात उतरून बसलीत. कूलरसमोर पडून दोन दिवस त्या बाईविषयीच वाचतेय.

ल्युसिल बॉल. जन्म १९११, न्यूयॉर्क राज्यातलं जेम्सटाऊन हे गाव. बाप टेलिफोनच्या तारा ओढणारा, टायफॉईडनं गेला तेव्हा ही साडेतीन वर्षांची. आजोबा नातवंडांना घेऊन तिकडच्या नाटक-तमाशाच्या खेळांना जायचे, ते वेड तिथून लागलं. पंधराव्या वर्षी आईनं न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत घातलं. त्याच शाळेत पुढं गाजलेली बेट डेव्हिस होती. ती चमकली, आणि ही इतकी बुजरी की शाळेनं आईला कळवलं, पैसे वाया घालवू नका. मग मॉडेलिंग, मग १९३३ पासून हॉलिवूडमध्ये घोळक्यातली पोरगी. सिनेमांमागून सिनेमे केले, पण नायिका म्हणून गल्ला जमवणारी ती कधी झाली नाही.

ती क्लिप ज्या टीव्ही मालिकेतली, ती 'आय लव्ह ल्युसी' सुरू झाली १५ ऑक्टोबर १९५१ ला. तेव्हा ती चाळिशीची होती आणि मुलगी तीन महिन्यांची. आमच्या स्टाफरूममध्ये चाळीस म्हणजे "आता काय, पोरांची लग्नं बघायची".

एक गंमत. मधल्या काळात तिनं केस लालभडक करून घेतले होते आणि लाल केसांची ल्युसी म्हणूनच ती ओळखली जाते. आणि सगळी मालिका काळी-पांढरी! लोकांनी ते केस मनानंच रंगवले.

पण मी शोधत होते ते आईच्या बोलण्याचं. सापडलं. ही बाई आयत्या वेळी काही सुचून बोलणारी नव्हतीच. ती स्वतःच सांगायची की मी विनोदी नाही, विनोदी माझे लेखक. मी फक्त न भिणारी. आठवडाभर तालीम, वस्तू हातात घेऊन पुन्हा पुन्हा, आणि मग खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रीकरण. लिहिणाऱ्या तिघांत मॅडलिन प्यू नावाची एक बाई होती. ती धडपडीचे प्रसंग आधी स्वतः करून बघायची, बाईच्या अंगाला ते झेपतंय का म्हणून. चॉकलेटच्या भागात, तो १५ सप्टेंबर १९५२ चा, ल्युसीच्या शेजारी बसून शांतपणे चॉकलेट बुडवणारी जी बाई आहे ती नटी नव्हेच. खरोखर तेच काम करून पोट भरणारी होती. तिचा चेहरा दगडासारखा आणि हात घड्याळासारखे. ती नीट करतेय म्हणून ल्युसीचं बिघडलेलं दिसतं.

हे आईला सांगितलं. "मंग! मी काय म्हनले?" एवढंच. तिला त्यात नवल वाटलं नाही.

संध्याकाळी त्याच भागातला दुसरा तुकडा दाखवला. बायका नोकरीला गेल्या म्हणून नवरे घरी स्वयंपाक करतात. ल्युसीचा नवरा रिकी माणसामागं जवळजवळ अर्धा किलो हिशेबानं चौघांचा भात टाकतो आणि भात पातेल्यातून उतू जाऊन सगळ्या स्वयंपाकघरात. आईनं कपाळाला हात लावला. "चार माणसाला दोन किलो तांदूळ? पंगत हाय का?" मग विचारलं, "हा नवरा खरा का नाटकातला?"

"दोन्ही."

देसी आर्नाझ, क्यूबाचा, गाणारा, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. १९४० साली लग्न झालेलं. मालिका दाखवणाऱ्या टीव्ही कंपनीला तो नवरा म्हणून नको होता. अशी जोडी लोक मानतील का, ही शंका. तर १९५० मध्ये दोघांनी स्टेजवर दौरा काढून लोकांकडूनच उत्तर आणलं. आई म्हणाली, "बरं केलं." तिला आवडला तो. पुढचं आज सांगितलं नाही.

बुधवार, रात्री

गहू गिरणीतून वाटून आणले, चार पाण्यांनी कोळून घेतले, गाळून पातेलं झाकलं. आता रात्रभर चीक खाली बसेल. पाठ मोडलीय, तरी लिहून ठेवते.

गाळताना आईला ल्युसीच्या दुसऱ्या बाळंतपणाचं सांगितलं. १९५२ मध्ये ती गरोदर राहिली आणि मालिका बंद करण्याऐवजी त्यांनी ते कथेतच घेतलं. पण "गरोदर" हा शब्द टीव्हीवर उच्चारायचा नाही, ही अट. संहिता तपासायला तीन धर्मगुरू, एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट, एक ज्यू. १९ जानेवारी १९५३ ला मालिकेतलं बाळ जन्मलं आणि त्याच दिवशी तिचं खरं सिझेरियन होऊन मुलगा झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवरचा अध्यक्षपदाचा शपथविधी होता, त्याला एवढे बघणारे नव्हते.

आईला आकड्यांचं काही वाटलं नाही, शब्दाचं वाटलं. "आमच्यात तरी कोन म्हनायचं? दिवस गेलेत म्हनायचे. तुझ्या वेळंला तुझ्या आज्जीनं तेबी म्हनलं न्हाई. 'तिला जड उचलायला सांगू नका' एवढंच. आख्ख्या वाड्याला कळलं."

मग माझी एक जुनी तक्रार बाहेर पडली. आपल्याकडं टीव्हीवर अजूनही सगळ्यात मोठा हशा कधी, तर दाढी केलेल्या बाप्यानं साडी नेसून मुरकत यावं तेव्हा. शेजारी चांगली नटी उभी असते, तिच्या वाट्याला "अहो, काय हे!" एवढंच वाक्य. आई म्हणाली, त्यात नवं काय, सप्त्यातल्या भारुडात बाईचं सोंग बाप्यानंच घ्यायचं असायचं. खरंय. पैठणच्या नाथांनी सासुरवाशिणीचं गाऱ्हाणं भारुडात घातलं, पण आईच्या लहानपणी तिच्या गावी ते गाऱ्हाणं फेटा काढून पदर घेतलेल्या गड्याच्या तोंडूनच यायचं. अलीकडं बायका भारूड करतात, मी पाहिलंय, आणि त्या करतात तेव्हा तोच शब्द वेगळाच टोचतो.

ल्युसीनं वेडीवाकडी तोंडं केली, द्राक्षांच्या रगड्यात लोळली, आणि हिशेबही चोख ठेवला. तेव्हा टीव्हीचे कार्यक्रम बरेचसे न्यूयॉर्कहून थेट व्हायचे. यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, प्रेक्षकांसमोर करू म्हणाले. खर्च वाढला तर दोघांनी पगार कमी करून घेतला आणि बदल्यात फिल्मचा हक्क मागितला. टीव्ही कंपनीला वाटलं, एकदा दाखवून झालेल्या भागाला कोण विचारतंय. १८० भाग झाले, १९५७ पर्यंत. तेच भाग पुन्हा पुन्हा दाखवले गेले. ज्या आरकेओ स्टुडिओत ती कधी किरकोळ कामं करायची, तो स्टुडिओच दोघांच्या देसिलू कंपनीनं विकत घेतला.

"आन तो नवरा?" आईनं विचारलंच.

सांगितलं. दारू, बाहेरख्यालीपणा. १९६० साली एकत्र केलेल्या कार्यक्रमाचं शेवटचं चित्रीकरण संपवलं आणि दुसऱ्या दिवशी घटस्फोटाचा अर्ज. दोन वर्षांनी कंपनीतला त्याचा हिस्सा विकत घेऊन ती स्वतः प्रमुख झाली. 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली गाजलेली मालिका तिच्याच स्टुडिओतून निघाली, १९६६ मध्ये.

आई बराच वेळ गव्हाचा चोथा पिळत होती. "शेवटच्या दिवशीबी हसवलं असंल का तिनं?" मी म्हटलं, कामच होतं ते. "हौ," म्हणाली आणि चोथा शेजारच्या म्हशीसाठी बाजूला ठेवला.

झोपताना तिला आणखी एक दिलं, मुद्दाम राखून ठेवलेलं. ल्युसीची आई जवळजवळ प्रत्येक चित्रीकरणाला प्रेक्षकांत बसायची. पोरगी आता काहीतरी गोंधळ घालणार असं दिसलं की तिच्या तोंडून आपसूक काळजीचा हुंकार निघायचा, आणि तो तसाच ध्वनिमुद्रित झालाय. आई ताडकन उठून बसली. चष्मा नको, मोबाईल कानाला. चार-पाच तुकडे फोन आल्यासारखे ऐकले. एका ठिकाणी थांबवलं. हसण्याच्या गलक्यात कुणीतरी बाई खालच्या सुरात काहीतरी म्हणाली होती.

"ही आईच हाय."

मला खात्री नव्हती. तिला होती.

गुरुवार

पहाटे साडेचारला उठवलं. पातेल्यातलं वरचं पिवळट पाणी काढलं, खाली पांढराशुभ्र चीक. मोठ्या पातेल्यात आधण, मीठ, हिंग, आणि आई धार धरणार, मी लाटण्यानं हाटणार. चीक घट्ट होऊ लागला की तो पट्टाच असतो. थांबत नाही. गाठ धरली की संपलं, गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, ऊन वर आलं की हात भाजतात. मी एका हातानं पातेलं धरलं, दुसऱ्यानं हाटतेय, पदर खोचलेला सुटला, घाम डोळ्यात, आणि आई शेजारून "अगं अगं अगं" म्हणतेय. त्या सुरावर मला हसू फुटलं आणि हात थांबला. पावशेर गाठी झाल्या.

मग सोऱ्या. गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घालायच्या. माझी पहिली कुरडई गोगलगायीसारखी, दुसरी नकाशासारखी. ठरवून नव्हे. आईच्या गोल, एकीसारखी दुसरी, चेहऱ्यावर काही नाही, हात चाललेत. चॉकलेटवाल्या बाईशेजारी बसल्यासारखं वाटलं.

सहा वेळा जिना चढउतार झाली. आईचे गुडघे बोलायला लागले, तशी तिला खाली पातेल्यापाशी बसवलं, तू राहिलेला चीक हाट, मी वर नेते. शेवटचा हप्ता घ्यायला उतरले तर ती पाठमोरी, हाटणं चालू. ओट्यावर साखरेचा डबा. झाकण उघडं.

"आई, शुगरची गोळी घेतली का?"

मान हलली. आवाज नाही.

"चीक झाला का?"

"हं."

समोर जाऊन बघितलं. एक गाल हा एवढा फुगलेला. डोळे सरळ पातेल्यात.

"तोंड उघड."

तिनं घाबरून बोट वर केलं, गच्चीच्या जिन्याकडं, कावळा उतरल्यासारखं. मी वळले. जिना मोकळा, ऊन पडलेलं. पुन्हा वळले तर गाल सपाट, पदरानं ओठ पुसलेले, आणि चेहऱ्यावरची एक रेष हललेली नाही.

"काय गं, काय बघायलीस? चीक गार व्हायलाय."