कोंबडीनं काहून नाही केलं?

नागपूरहून साकोलीची सकाळची एसटी धरली तेव्हा मांडीवर सुतळीने बांधलेली गुंडाळी होती. आत तीन तक्ते: ध्रुवीय अस्वल, पेंग्विन आणि उंट. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात माझी मैत्रीण शिक्षिका आहे. "पोरांना प्राण्यांचं अनुकूलन एकदा तू शिकवून बघ, माझं ऐकून ऐकून कंटाळलीत," असा तिचा निरोप होता.

साकोलीनंतर कोहमाऱ्याला गाडी बदलली. फेब्रुवारी संपत आलेला. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये लाखोळी उभी, मधेच जवसाच्या निळ्या फुलांचे तुकडे, आणि कडेच्या पळसांनी नुकतीच लाल व्हायला सुरुवात केलेली. कोहमाऱ्याचा चहा इतका गोड की पुढचा अर्धा तास तहान लागत राहिली.

वर्गात तक्ते टांगले. "उंटाच्या मदारीत काय असतं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पानी!" पाणी नाही रे, चरबी असते, असं मी सांगितलं. मुलांनी मान हलवली, वहीत लिहून घेतलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर तलाव होता. मी उंट दाखवत होते आणि त्या पोरांच्या डोळ्यांसमोर शंभर पावलांवर पाणी, बगळे, कमळाची पानं. माझ्याच मूर्खपणाचं मला हसू आलं.

शेवटी मागच्या रांगेतल्या एकाने धीर केला. "मॅडम, तो पानकावळा पंख पसरून काहून बसते जी?"

तक्ते गुंडाळले आणि सगळे तलावाच्या पाळीवर गेलो.

इथे याला मामा तलाव म्हणतात. कुणाच्या मामाचा नाही. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या, जमीनदारांच्या काळातले, त्याचं झालं मामा. भंडारा-गोंदियात असे तलाव गावोगाव आहेत, बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले. जवळचा नवेगाव बांध त्यातला अवाढव्य. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. धानाला पाणी मिळावं म्हणून माणसाने घातलेल्या पाळीमागे पक्ष्यांचं एवढं मोठं बिऱ्हाड वसलं, हे मला दर वेळी नवल वाटतं.

पाणकावळ्याचं उत्तर सोपं होतं. त्याची पिसं पाणी धरतात, त्यामुळे तो जड होतो आणि मासा धरायला खोल बुडी मारू शकतो. मग बाहेर येऊन पंख वाळवावे लागतात. बदक शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना चोपडतं, म्हणून पाणी घसरून जातं. एका मुलीने डोक्याला हात लावला आणि म्हणाली, "मंग आमी बी बदकच. आई रोज तेल चोपडते."

तेवढ्यात कमळपक्षी दिसला. कांस्यपंखी, तपकिरी पाठीचा. एका पानावरून दुसऱ्या पानावर अंगणात फिरावं तसा फिरत होता. काठाच्या चिखलात मी एका मुलाला एक बोट रोवायला सांगितलं. ते पेरापर्यंत गेलं. मग पंजा पसरून ठेवायला सांगितला, तेवढाच जोर लावून. तो जेमतेम रुतला. मग काय, वीस पंजे चिखलात. कमळपक्ष्याची बोटं-नखं लांबलचक असतात, त्याचं वजन पानभर पसरतं. अंडी बाप उबवतो, मादी दुसरा नर शोधायला मोकळी, हे सांगितल्यावर मुली टाळ्या पिटायला लागल्या आणि पोरं गप्प झाली.

त्या भरात मी बोलून गेले, "म्हणजे बघा, पाण्यावर चालता यावं म्हणून त्याने आपली बोटं लांब केली."

मघाचाच पोरगा. "मंग कोंबडीनं काहून नाही केली जी?"

मला उत्तर सुचेना. चूक माझी होती. प्राणी स्वतःला परिसराशी जुळवून घेतात, असं आपण सहज म्हणतो, जणू पक्ष्याने एका रात्री ठरवलं. पाळीवर बसून सुरुवातीपासून सांगावं लागलं. बियाण्यासाठी बाबा कोणत्या लोंब्या ठेवतात? "भरलेल्या." दर वर्षी भरलेल्याच ठेवल्या तर? "पुढं सगळं धान चांगलं येते." तसंच. पक्ष्याची सगळी पिल्लं सारखी नसतात, कुणाची बोटं थोडी लांब निघतात. पानावर तो जास्त खातो, जगतो, त्याला जास्त पिल्लं होतात. असं हजारो पिढ्या. कोंबडीचे पूर्वज जंगलात पालापाचोळा उकरणारे. तिथे तिचे आखूड, मजबूत पायच कामाचे.

"पण इथं बियाणं कोन निवडते?" एकीने विचारलं. मी प्रश्न वर्गालाच टाकला. कुणी म्हणालं साप, कुणी भूक, कुणी उन्हाळा. एक म्हणाला, "फॉरेस्टवाले." हा सोडून सगळे बरोबर.

जाळं सावरत बसलेले एक ढिवर काका हे ऐकत होते. ते म्हणाले, पाणी आटून चिखल उरला तरी मरळ त्यात टिकून राहते. खरंच आहे, मरळ वर येऊन हवेत श्वास घेते. मग त्यांनी काठाकडे बोट दाखवलं. तिथे बेशरमाची गुलाबी फुलं दाटली होती. दिसायला छान, पण त्या झुडपांनी काठाचं पाणी गिळलेलं. तिथे ना कमळ होतं, ना पक्षी. बोटं लांब व्हायला हजारो पिढ्या लागतात आणि बेशरम काही वर्षांत पसरते, हा हिशोब मुलांना मी सांगायच्या आधीच कळला असावा. कारण कुणी काही विचारलं नाही.

जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे होते. मी सहा खाल्ले. तक्ते शाळेतच ठेवून आले.

चार दिवसांनी मैत्रिणीचा फोन. त्या पोराने आईची कोंबडी तलावावर नेऊन कमळाच्या पानावर ठेवली होती. घरी मार बसला. वहीत मात्र निरीक्षण नीट लिहिलंय: "पान बुडालं. कोंबडी काठावर आली. दोन दिवस अंडं दिलं नाही."