बाईकवरचा जीपीएस आणि ती शिट्टी

मोबाईल नकाशा दाखवत असताना वेगळा जीपीएस कशाला, असं बरेच जण विचारतात. मोबाईल उन्हात तापला की मान टाकतो, आणि मोठ्या इंजिनाची थरथर त्याच्या कॅमेऱ्याला मानवत नाही, हे तर ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय. बाईकसाठीचं युनिट पावसापाण्याचा विचार करूनच बनवलेलं असतं. माझं आयपीएक्स ७ दर्जाचं आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आतला भाग शाबूत राहावा.

माझ्या बाईकला मुळातच म्युझिक सिस्टीम आहे. फेअरिंगमध्ये (बाईकच्या पुढच्या कव्हरमध्ये) स्पीकर, डाव्या खणात ऑक्सचं, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज केबलने आत घेणारं सॉकेट. जीपीएसच्या सूचना त्या स्पीकरमधून ऐकू याव्यात, एवढीच माझी अपेक्षा. करंटचं काम पटकन उरकलं. घाम काढला तो आवाजाने.

सीट काढून बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडली. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलो आणि पाना चासीला (निगेटिव्हला जोडलेल्या बाईकच्या धातूच्या सांगाड्याला) टेकला, तर मोठी ठिणगी पडते; निगेटिव्ह सुटलेली असली की तो धोकाच नाही. जोडताना उलटा क्रम. जीपीएस थेट बॅटरीवर टाकला, तर चावी काढल्यावरही तो थोडाथोडा करंट खात राहतो आणि बाईक बरेच दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. म्हणून चार पिनांचा साधा रिले लावला, म्हणजे छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच. ३० नंबरला बॅटरीतून फ्यूजमार्गे पॉझिटिव्ह, ८७ वरून जीपीएसला, ८५ अर्थला (म्हणजे निगेटिव्हला) आणि ८६ ला पार्किंग लाइटची वायर. चावी फिरवली की रिले ओढतो आणि युनिट जागं होतं. रिलेची कॉइल साधारण दीडशे मिलीॲम्पिअर घेते, त्या वायरीला ते सहज झेपतं. कॅन-बस (सगळे विजेचे भाग कॉम्प्युटरने सांभाळणारी वायरिंग) असलेल्या बाईकवर मात्र लाइटच्या वायरीला हात लावण्याआधी मॅन्युअल बघाच. तिथला कंट्रोलर करंटवर लक्ष ठेवून असतो, जरा फरक दिसला की एरर दाखवू शकतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवला, कारण पुढे वायर कुठे घासून उघडी पडलीच तर फ्यूज उडावा, हार्नेस (बाईकच्या वायरींचा जुडगा) जळू नये.

टाकीखालून वायर पुढे आणली आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. हे इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये करावं. हँडल वळवताना आरपीएम चढला, तर नवी वायर ॲक्सिलरेटरच्या केबलला ओढतेय हे लगेच कळतं. फेअरिंगच्या आत दोन पिनांचा एक कपलरही टाकून ठेवला, पुढेमागे युनिट सोडवायला सोपं जावं म्हणून. त्या कपलरचा उपयोग भलत्याच कामी झाला.

क्रेडलच्या (जीपीएस ज्यात बसतो त्या स्टँडच्या) बुडाशी ३.५ मिलिमीटरचं सॉकेट आहे. तिथून ऑक्सपर्यंत केबल टाकली, चावी ऑन केली. आवाज स्वच्छ. सेल्फ मारला आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी सुरू झाली. ॲक्सिलरेटर पिळला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची, जणू एखादा डास इंजिनाबरोबर सूर लावून बसलाय.

आधी फ्यूज काढला. युनिट आतल्या बॅटरीवर चालूच राहिलं आणि शिट्टीही चालूच. मग कपलर सोडला, म्हणजे पॉझिटिव्हबरोबर निगेटिव्हही तुटली. शिट्टी गायब! इथे दोष कळला. गडबड पॉझिटिव्हमधून येत नव्हती, अर्थमधून येत होती. जीपीएसची निगेटिव्ह थेट बॅटरीवर, म्युझिक सिस्टीमची अर्थ पुढे चासीवर. इंजिन चालू असताना चासीतून करंट वाहतो, त्यामुळे या दोन जागांमध्ये काही मिलीव्होल्टचा फरक पडतो. ऑक्स केबलची बाहेरची जाळी या दोघांना जोडते, आणि तो फरक तिच्यातून थेट ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो.

जीपीएसची निगेटिव्ह म्युझिक सिस्टीमच्या अर्थच्या बोल्टवर हलवली. शिट्टी बरीच बसली, पण पूर्ण गेली नाही. मग ऑक्स केबलच्या मध्ये, दोन अर्थमधला हा दुवा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घातला. छोटी डबी असते, आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर. आवाजाचा सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेतारेचा थेट संबंध राहत नाही. साध्या आयसोलेटरमध्ये गाण्याचा बेस थोडा पातळ होतो. ‘पुढे उजवीकडे वळा’ ऐकायला बेस कोणाला हवाय?

त्यानंतरही एक सतत खरखर उरली होती, आरपीएमशी काही देणंघेणं नसलेली. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा जो कन्व्हर्टर जीपीएसच्या वायरमध्ये असतो, तो माझ्याकडून ऑक्स केबलच्या शेजारीच बांधला गेला होता. त्याला फेअरिंगच्या दुसऱ्या बाजूला नेलं. शिवाय जीपीएसचा व्हॉल्यूम वर आणि सिस्टीमचा खाली ठेवला. उलटं केलं की कमकुवत सिग्नलबरोबर खरखरही मोठी होते.

मोठ्या रस्त्यावर वेग वाढला, की वारा स्पीकरचं काही चालू देत नाही. तिथे हेल्मेटमधला ब्लूटूथ हेडसेटच हवा. फोन आणि जीपीएस, दोन्ही हेडसेटला वेगवेगळे जोडले, तर प्रत्येक सूचनेला गाणं तुटायचं आणि परत सुरू व्हायला वेळ लागायचा. ब्लूटूथमध्ये गाण्याची वाट वेगळी, फोनवर बोलण्याची वेगळी, आणि जीपीएस बोलण्याच्या वाटेने घुसत होता. आता फोन जीपीएसला जोडलाय आणि फक्त जीपीएस हेडसेटला. गाणं आणि सूचना युनिट स्वतःच एकत्र करून पाठवतं, सूचनेपुरतं गाणं हळू होतं, एवढंच.

ऑक्सची केबल काढलेली नाही. गावातल्या संथ रहदारीत स्पीकर बरे वाटतात. मात्र हेडसेट जोडलेला असला की माझं युनिट ऑक्समधून आवाज देत नाही, त्यासाठी मेनूत जाऊन ब्लूटूथ बंद करावं लागतं. ते गाडी बाजूला घेऊनच करतो.