डेल्फ्ट: व्हर्मीर नसलेलं व्हर्मीरचं गाव

व्हर्मीर या डच चित्रकाराची चित्रं बघायला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला जाणार असाल तर जाऊ नका. तिथे त्याचं एकही मूळ चित्र नाही. १६३२ साली तो त्या गावात जन्मला, १६७५ मध्ये तिथेच वारला, पुरलाय पण तिथेच. चित्रं मात्र जगभर पांगली. गावात दिसतात त्या मूळ आकाराच्या छापील प्रती. आमच्या टूरवाल्याच्या पत्रकात 'व्हर्मीरच्या गावी व्हर्मीरच्या अजरामर कलाकृती' असं ठसठशीत छापलं होतं आणि शेजारी त्याच्या प्रसिद्ध चित्रातली मोत्याचं कानातलं घातलेली ती मुलगी. नंतर जाब विचारला तर म्हणे, "सर, प्रतीसुद्धा हुबेहूब असतात." मग ठाण्यात बसून कॅलेंडरच विकत घेतलं असतं की!

ती मुलगी आहे हेगच्या मॉरित्सहाऊस संग्रहालयात, डेल्फ्टपासून ट्रेनने पाव तासावर. डेल्फ्ट गावाचं व्हर्मीरनं १६६०-६१ च्या सुमारास केलेलं प्रसिद्ध चित्रही तिथेच. त्याचं 'दूधवाली' हे चित्र हवं असेल तर ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम गाठावं लागतं. म्हणून क्रम उलटा लावा: सकाळी हेग, दुपारनंतर डेल्फ्ट. मॉरित्सहाऊस सोमवारी दुपारी एकला उघडतं, हे लक्षात ठेवा, आणि वेळेचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. मुलीचं चित्र जेमतेम ४४ सेंटिमीटर उंच आहे आणि समोर मोबाइल धरलेल्या हातांचं जंगल. तिथे पाच मिनिटं पुरे. गावाच्या चित्रासमोर मात्र बसा. ते चांगलं मोठं आहे आणि गर्दी निम्मीसुद्धा नसते.

स्टेशनचा एक घोळ सांगून ठेवतो. पाट्यांवर 'हेग' कुठेच दिसणार नाही, 'डेन हाग' असतं, आणि त्यातही दोन मोठी स्टेशनं: सेंट्राल आणि एचएस. डेल्फ्टहून येणाऱ्या सगळ्या गाड्या सेंट्रालला जात नाहीत. मॉरित्सहाऊस सेंट्रालपासून दहा मिनिटं चालत आहे. एचएसला उतरलात तर ट्राम घ्या किंवा वीसेक मिनिटं पाय चालवा.

आता पैशांचं, कारण माझं डोकं अजून त्यावरच तापलेलं आहे. नेदरलँड्समध्ये ट्रेन, ट्राम, बस, मेट्रो सगळीकडे आपलं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्डच तिकीट म्हणून चालतं. चढताना टेकवायचं, उतरताना टेकवायचं. कल्पना झकास. पण एका कार्डावर एकच माणूस. "एक फॉरेक्स कार्ड दोघांना पुरतं, सर" असं निघताना आम्हाला छातीठोकपणे सांगणाऱ्यानं स्वतः तिथली ट्रेन पाहिलेली नसावी. बायकोनं कार्ड टेकवलं, फाटक उघडलं, ती आत गेली. मी तेच कार्ड पुन्हा टेकवलं तर यंत्राच्या लेखी ती बाहेर पडली! म्हणजे ती फलाटावर बिनतिकीट आणि मी फाटकाबाहेर. मागे रांग, पुढे गाडीची वेळ. तेव्हा माणशी एक कार्ड, आणि तेही निघण्याआधी बँकेला सांगून परदेशातल्या कॉन्टॅक्टलेस व्यवहारांसाठी चालू करून घेतलेलं. कार्ड आणि तेच कार्ड घातलेला मोबाइल या यंत्राच्या दृष्टीनं दोन वेगळ्या वस्तू आहेत. चढताना मोबाइल आणि उतरताना कार्ड केलंत तर दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींचे पैसे कापले जातात.

उतरताना टेकवायला विसरलात तर ठरावीक मोठी रक्कम जाते, ट्रेनच्या बाबतीत २० युरोपर्यंत. मोठ्या स्टेशनांवर फाटक असतं, तिथे विसरणं अशक्य. धोका ट्रामचा. डेल्फ्टहून एक नंबरची ट्राम हेगमधून थेट शेवेनिंगनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाते. गर्दीत दार उघडतं, आपण पिशव्या सांभाळत उतरतो आणि यंत्र डब्यातच राहतं. दाराजवळ उभं राहताना कार्ड हातातच ठेवा, पाकिटात नको. जादा कापलेले पैसे परत मागता येतात, ऑनलाइन, पण सुट्टीत कोण बसतंय फॉर्म भरत?

रोख नोटांचा गठ्ठा नेऊ नका. बऱ्याच दुकानांत 'फक्त कार्ड' अशी पाटी असते. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहालाही पैसे पडतात आणि तेही कार्डानेच. संग्रहालयातून किंवा कॉफी प्यायलेल्या हॉटेलातून निघताना ते काम उरकून घ्या. पाणी नळाचं बिनधास्त प्या, बाटलीचं विकत घेणं हा मूर्खपणा आहे.

बरं, डेल्फ्टमध्ये करायचं काय? न्यूवे केर्कचा, म्हणजे 'नव्या चर्च'चा, मनोरा चढायचा. जवळपास १०९ मीटर उंच, उत्रेख्तच्या डोम टॉवरखालोखाल चर्चच्या मनोऱ्यांत देशातला दुसरा. पायऱ्या ३७६. ज्याला रविवारी सिंहगड करायची सवय आहे त्याला दम लागण्याचा प्रश्नच नाही. त्रास वेगळाच आहे. दगडी गोल जिना, वर जाणारे आणि खाली येणारे त्याच एका जिन्यात. दादरच्या पुलावर निदान डावी-उजवी असते, इथे तीही नाही. खालून येणारा दिसत नाही, नुसता धापा टाकल्याचा आवाज येतो आणि मग एकदम डोकं पोटात. कुणीतरी आतल्या खांबाकडे सरकायचं, जिथे पायरी निमुळती होत होत चार बोटांवर येते आणि टाच हवेत राहते. माझ्यापुढे एक धिप्पाड गृहस्थ पाठीवर सॅक घेऊन उतरत होते. त्यांची सॅक भिंतीला आणि माझं नाक सॅकला. सॅक खालीच ठेवा किंवा पोटाशी बांधा. पावसाळी बूट चालतील, गुळगुळीत तळाचे नकोत. गुडघ्याचं दुखणं असेल तर चढू नका, कारण चढण्यापेक्षा उतरणं वाईट आहे. बंद जागेत घाबरणाऱ्यांनी विचारही करू नये. सकाळी उघडल्याउघडल्या गेलात तर समोरून येणारं कुणी नसतं, पण मग हेग दुपारी ठेवावं लागतं; आम्ही दुपारी गेलो. वर वारा असा की टोपी गेलीच म्हणून समजा. पण हवा स्वच्छ असेल तर एकीकडे रॉटरडॅम आणि दुसरीकडे हेग दिसतं, आणि खाली लाल कौलांत कालवे. त्या पाच मिनिटांत मी सगळ्यांना माफ केलं, टूरवाला सोडून.

चर्चचं आणि मनोऱ्याचं तिकीट वेगळं, हे खिडकीवर नीट विचारा. रविवारी प्रार्थना असते, पर्यटकांना चर्चमध्ये सोडत नाहीत, त्यामुळे रविवार डेल्फ्टसाठी वाया. गुरुवारी चौकात बाजार भरतो: चीज, तळलेले मासे, फुलं. गुरुवार धरा. चर्चच्या तिकिटावर आउडे केर्क, म्हणजे 'जुनं चर्च', हेही होतं. त्याचा मनोरा उघड्या डोळ्यांना दिसेल इतका, दोनेक मीटर, कललेला आहे. व्हर्मीर तिथेच पुरलाय, आणि सूक्ष्मदर्शकवाला लेवेनहूकही. डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचा खून जिथे १५८४ मध्ये झाला ते प्रिन्सेनहोफ नूतनीकरणासाठी बंद होतं. भिंतीतली गोळ्यांची भोकं बघायची असतील तर उघडलंय का ते आधी तपासा.

व्हर्मीरच्या गावाच्या चित्रातली जागा मात्र खरी आहे आणि फुकट आहे. गावाच्या दक्षिणेला होईकाडे नावाचा धक्का आहे, तिथे पाण्यापलीकडे गाव दिसतं. वेशीचे दरवाजे पाडून टाकलेत, न्यूवे केर्कचा मनोरा तेवढा ओळखू येतो, तोही बदललेला. १८७२ मध्ये वीज पडल्यावर कळस नव्यानं बांधला, म्हणून चित्रातल्यापेक्षा उंच आणि टोकदार. सकाळी हेगला चित्र बघून आलेल्यालाच इथे मजा येईल. बाकीच्यांना नुसता रस्ता आणि सायकली.

निळी-पांढरी भांडी. चौकातल्या दुकानात दहा-बारा युरोला मिळणारी बशी छापील असते. घाईत घेऊ नका. भांडं उलटं करून बघा, हाताने रंगवलेल्याच्या तळाशी तसं लिहिलेलं असतं आणि किंमत पाचपट-दहापट. भिंग नको, नुसत्या रेघा नीट बघितल्या तरी कळतं: छापील रेघ सगळीकडे सारखी, हाताची कुठे दाट कुठे फिकी. मुळात ही सगळी चिनी भांड्यांची नक्कल. सतराव्या शतकात तिकडचा माल येईनासा झाल्यावर इथल्या कुंभारांनी साध्या मातीवर पांढरा लेप देऊन धंदा उभारला. डच ईस्ट इंडिया कंपनीचा एक कारभार डेल्फ्टमधूनच चालायचा. त्याच कंपनीची पडकी वखार आपल्या वेंगुर्ल्याला आहे, तिकीटसुद्धा नाही. तिथे कुणी जात नाही ते वेगळं.

कालव्याकाठचं चालणं, कॉफी, बोट वगैरे छान. लाल रंगाच्या पट्ट्यावर उभं राहून फोटो काढू नका, तो सायकलींचा रस्ता आहे आणि त्या थांबत नाहीत. छत्री आणू नका, पहिल्याच वाऱ्यात उलटी होते. सह्याद्रीतलं विंडचीटर पुरेसं आहे.

आणि ज्यांची मुलं तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकतात, अशा मराठी आईबापांसाठी: गावाला दोन स्टेशनं आहेत, डेल्फ्ट आणि डेल्फ्ट कॅम्पस. दुसऱ्यावर जलद गाड्या थांबत नाहीत आणि तिथून चौक चांगलाच लांब पडतो. मुलाची खोली कुठल्या स्टेशनजवळ आहे ते विमानात बसण्याआधी विचारून घ्या. २३-२३ किलोच्या दोन बॅगा आणि भाजणीच्या चकल्यांचा डबा घेऊन दगडी फरशांवरून चालायला लागलं तर चाकं पहिल्या चौकातच निखळतात.